गुडघ्यांनी निवडलेला किल्ला

वसई-विरारमध्ये शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे पाठीवर सॅक लावून स्टेशनकडे निघालेला माणूस दिसला, तर त्याचं वय चेहऱ्यावरून ठरवू नये. तो कुठल्या दिशेची गाडी पकडतो ते पाहावं. ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो आदल्या रात्रीच दादरला जाऊन शेवटची कसारा लोकल पकडतो, डोक्याखाली सॅक घेऊन फलाटावर पडतो आणि उजाडताना अलंग-मदन-कुलंगच्या नाहीतर हरिहरच्या पायथ्याशी पोहोचतो. पंचावन्न ओलांडलेला मात्र घरी झोपून, चहा पिऊन, रक्तदाबाची गोळी घेऊन विरारला येतो आणि डहाणू लोकलमध्ये बसतो. त्याला सफाळ्याला उतरून तांदुळवाडी करायचा असतो, किंवा पालघरला उतरून वाघोबा खिंडीतून काळदुर्ग. रेल्वेने 2013 साली डहाणूपर्यंत लोकल नेली ती नोकरदारांसाठी, असं सगळे समजतात. या गृहस्थांच्या मते ती खास त्यांच्या निवृत्तीची तारीख बघून नेली.

ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये त्यांना सगळे ‘काका’ म्हणतात. वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही ग्रुपमध्ये असा एक काका असतोच. बँकेतून, शाळेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेला, टोपीला मागून फडकं लावलेलं, बुटांच्या नाड्यांना दोनदा गाठ. तरुणपणी त्यांच्या सॅकमध्ये दोर, स्टोव्ह आणि मॅगी असायची. आता तिच्यात नी-कॅपची जोडी, इलेक्ट्रॉलची पाकिटं, वसईची सुकेळी, घडीची काठी आणि काकूंनी बळजबरीने कोंबलेलं मलम असतं. सॅकचं वजन तेवढंच राहिलं आहे, ऐवज बदलला. पण काकांचा खरा अभ्यास करायचा तर सॅक उघडून भागत नाही, त्यांची कारणमीमांसा ऐकावी लागते. पस्तिशीत ते हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या चढले, तेव्हा कारण विचारायची कोणाची छाती नव्हती. पंचेचाळिशीत रतनगड आला, ‘नेढ्यातून येणाऱ्या वाऱ्यासाठी’. पन्नाशीनंतर एकाएकी त्यांना साक्षात्कार झाला की आपण दूरचे डोंगर तुडवत बसलो आणि घराजवळचा पोर्तुगीज इतिहास राहूनच गेला. मग अशेरीवरच्या दगडात कोरलेलं पोर्तुगीज राजचिन्ह बघायला जाणं अत्यावश्यक ठरलं. साठीला कोहोज, कारण माथ्यावरचा वाऱ्याने कोरलेला माणसासारखा सुळका ‘संध्याकाळच्या उन्हात बघायलाच हवा’. पासष्टीला अर्नाळा, कारण 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेल्या या जलदुर्गाच्या दरवाज्यावरचा बाजीरावाचा उल्लेख असलेला शिलालेख ‘निवांत वाचायचा आहे’. सत्तरीला वसईचा किल्ला, जो मुळात सपाट आहे. या सबंध प्रवासात गुडघा हा शब्द काकांच्या तोंडून एकदाही निघत नाही. इतिहासाने मात्र दर पाच-दहा वर्षांनी आपली चढण थोडी सोपी करून घेतलेली दिसते.

याला लबाडी म्हणून हसायचं असेल तर हसावं, त्यात गंमत आहेच. पण माझं म्हणणं असं की काकांचा निर्णय बरोबर असतो, सांगितलेलं कारण तेवढं उसनं असतं. डोंगरात म्हातारपण चढताना फारसं जाणवत नाही. दम लागतो, माणूस थांबतो, पाणी पितो, ‘काय व्ह्यू आहे’ म्हणतो आणि पुढे निघतो. ते गाठतं उतरताना. चढताना मांडीचा स्नायू आकसत काम करतो; उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला ब्रेक लावत असतो, आणि प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यात जिरतो. उतारावर स्नायू थकले की तोल जातो, आणि घसाऱ्यावर तोल गेला की पुढचं सगळं अस्थिरोगतज्ज्ञांच्या हातात. म्हणून जाणता काका किल्ला निवडताना वर कसं जायचं हे विचारत नाही. तो विचारतो, ‘उतरायला वाट कशी आहे? मुरूम आहे का? कारवी धरायला मिळते का?’ पंचविशीतल्या पोराला हे प्रश्न भित्रे वाटतात, कारण त्याला अजून उतरणीचं बिल आलेलं नसतं.

स्कीइंग करणाऱ्यांचंही हेच आहे, फक्त त्यांनी ते निर्लज्जपणे रंगांत लिहून ठेवलं. युरोपात बर्फाच्या उतारांवर निळा, लाल आणि काळा अशा वाढत्या अवघडपणाच्या खुणा असतात, आणि वर न्यायला पाळणे. म्हणजे चढायचं कामच नाही, उतरणं हाच खेळ. आपल्या गुलमर्गलाही गंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत नेऊन सोडतो. (मराठी पर्यटक तिथून बहुधा फोटो काढून त्याच पाळण्यातून खाली येतो, हा भाग वेगळा.) पन्नाशीनंतरचा स्कीअर काळ्या उतारावरून लालवर, लालवरून निळ्यावर येतो, मुक्कामासाठी सकाळी नीट दाबलेला बर्फ मिळेल असं गाव निवडतो आणि दुपारी बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत थांबतो. जपानचे केइझो मिउरा यांनी 2003 साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, माँ ब्लाँच्या परिसरात हिमनदीवरून स्कीइंग केलं. त्याच वर्षी त्यांचा मुलगा युइचिरो सत्तराव्या वर्षी एव्हरेस्टवर गेला, आणि 2013 मध्ये ऐंशीव्या वर्षी पुन्हा गेला. ही माहिती काकांच्या मोबाइलमध्ये जपून ठेवलेली असते आणि काकूंनी ‘आता पुरे’ म्हटलं की फॉरवर्ड केली जाते. पण मिउरा पितापुत्रांनी वयाला हरवलं असं काका समजतात तिथे ते चुकतात. ते दोघे वर्षानुवर्षं रोज मेहनत घेत, आणि वयाशी बोलणी करूनच डोंगर ठरवत. काका मेहनतीचा भाग फॉरवर्ड करत नाहीत.

आपल्याकडे किल्ल्यांच्या पुस्तकात प्रत्येक किल्ल्यापुढे चढाईची श्रेणी छापलेली असते: सोपी, मध्यम, कठीण. कुणाच्या पायांनी सोपी, हे मात्र छापत नाहीत. काकांनी म्हणून स्वतःची श्रेणी काढली, आणि ती छापील श्रेणीपेक्षा फार बारीक आहे. पायथ्यापर्यंत रिक्षा जाते का, सकाळी दहानंतर वाटेवर सावली किती, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, माथ्यावर पाठ टेकायला झाड किंवा तट आहे का, आणि खाली आल्यावर एसटी किती वाजता. या कसोट्यांवर काळदुर्ग उत्तम: खिंडीपर्यंत वाहन, वर चौकोनी कातळ, परतीला पालघर स्टेशन जवळ. अर्नाळा सोपा, पण ओहोटीच्या वेळी होडीत चढताना गुडघाभर पाणी लागू शकतं, म्हणजे काका ज्याचं नाव घेत नाहीत त्याचीच चौकशी तिथे होते. वसईच्या किल्ल्यात चढ नाही, तरी सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना काकांनी ‘वास्तूच्या सुरक्षिततेसाठी’ वर्ज्य केला आहे. जीवदानीचा डोंगर हजारावर पायऱ्यांचा. तिथे ते भक्त म्हणून जातात, ट्रेकर म्हणून नाही, त्यामुळे रोपवे चालतो. रायगडला 1996 पासून रोपवे आहे. तो वापरावा की नाही यावर काकांचं मत दर वर्षी थोडं उदार होत चाललं आहे.

यावर आक्षेप घेणारे दोन प्रकारचे. पहिले घरातले. या वयात डोंगर कशाला, काही झालं तर गावकऱ्यांना आणि बचाव पथकाला त्रास, हे त्यांचं म्हणणं. त्रासाची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या माणसाला लावली जाते. तुंगारेश्वर आणि चिंचोटीच्या धबधब्यांवर पावसाळ्यात जी बंदी घालावी लागते, ती पाण्याच्या धारेखाली सेल्फी काढणाऱ्यांमुळे. काठी टेकत, दर दहा मिनिटांनी मागच्यांची मोजदाद करणाऱ्या काकांमुळे नव्हे. अर्थात एकट्याने, औषधं न घेता, ऐन मे महिन्यात तांदुळवाडी चढणारा काकाही असतो. त्याला सोडून द्यावं असं मी म्हणणार नाही. त्याला घरी बसवावं.

दुसरे आक्षेपक ग्रुपमधले तरुण. त्यांची तक्रार अशी की काका वेग कमी करतात आणि त्याची भरपाई व्याख्यानाने करतात. इथे काकांची बाजू थोडी लंगडी आहे हे मान्य करायला हवं. प्रत्येक टाक्यापाशी थांबायचं, तळाचे खड्डे दाखवायचे, बाजूच्या दगडाला बांधकामाचा चुना मळायचा घाणा ठरवायचं, मग चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई कशी घेतली यावर यायचं, आणि तोवर पोरांचे वडापाव गार. काकांच्या थांबण्यातला अर्धा इतिहास हा श्वास परत येण्याची वेळ असते, आणि हे पोरांनाही कळतं. पण उरलेला अर्धा खरा असतो. धावत माथा गाठून ध्वजापाशी फोटो काढणाऱ्याने किल्ल्याचा दरवाजा कुठल्या बाजूला वळवून बांधलाय हे पाहिलेलं नसतं. काकांनी पाहिलेलं असतं, कारण त्या वळणावर त्यांना बसावं लागलं. हरिहर चढताना त्यांनी स्वतः फक्त पुढच्या माणसाच्या टाचा पाहिल्या होत्या. किल्ले बघायला ते शिकले ते वेग गेल्यावर, पालघर जिल्ह्यात.

आणि जिल्ह्याचा फायदा झाला तो निराळाच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, पन्हाळा अशी ती मोठी नावं. पालघरचा त्यात एकही नाही. काकांनी त्या दिवशी ग्रुपवर आधी अभिनंदन टाकलं आणि मग वसईच्या किल्ल्यावर सव्वादोनशे शब्दांची निषेधयुक्त माहिती. निषेध सोडून देऊ. पण काळदुर्ग, कोहोज, टकमक, कामणदुर्ग या आडबाजूच्या किल्ल्यांवर पावसाळा सरला की जी पावलं पडतात, जी टाकी गाळ काढून साफ होतात, जे बाण दगडांवर रंगवले जातात, त्यात अशा उतारवयातल्या लोकांचा हात मोठा आहे. धडधाकट माणूस इथे थांबत नाही, तो कसाऱ्याला जातो.

म्हणून ग्रुपच्या तरुण लीडरना एक विनंती. पुढचा ट्रेक ठरवताना काकांना ‘झेपेल का’ असं विचारू नका. ते हो म्हणतील. उतरायची वाट कशी आहे ते सांगा, किल्ला ते आपोआप निवडतील. उतरायला दुपारी तीनच्या आत सुरुवात करा, सगळ्यांत पुढे काकांना ठेवा आणि त्यांच्या वेगाने चाला. चुन्याचा घाणा दाखवतील तेव्हा बघा. कधीकधी तो खरंच चुन्याचा घाणा असतो.