लाल दिव्याखाली अंधार

घरचं इंटरनेट बंद पडलं की कॉल सेंटरचा पहिला सल्ला ठरलेला: राउटर बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. या मंत्राला हसणं सोपं आहे, पण तो अगदीच थोतांड नाही. अडकलेलं सॉफ्टवेअर रीस्टार्टने नव्याने सुरू होतं, कंपनीशी तुटलेलं लॉगिन पुन्हा जुळतं आणि बरेचदा भागतं. आक्षेप औषधाला नाही. नाडी न बघता ते देण्याला आहे.

नाडी तर राउटरवरच लुकलुकत असते. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, म्हणजे तारेतून प्रकाशच पोचत नाही: केबल तुटली, नको तितकी वाकली किंवा कनेक्टर सैल झाला. रस्ता खणणाऱ्या जेसीबीने तोडलेली काचेची तार घरातलं बटण दाबून सांधली जात नाही. कंपनीशी जोडणी दाखवणारा ‘पॉन’चा दिवा स्थिर असूनही नेट नसेल, तर दोष लॉगिनमध्ये, संकेतस्थळांचे पत्ते शोधणाऱ्या डीएनएसमध्ये किंवा थकलेल्या बिलात शोधावा. मोबाइलवरच्या वाय-फायच्या भरगच्च रेघा फक्त राउटरपर्यंतची खुशाली कळवतात. सामान्य ग्राहकाला हे दिवे कळत नाहीत, असं समर्थन होईल. पण ज्याच्या गळी यूपीआय, ओटीपी आणि केवायसी उतरवलं, त्याला ‘लाल दिवा लागलाय का?’ एवढं नक्की कळेल. अडचण वेगळीच आहे: उत्तर ‘हो’ आलं तर कंपनीला माणूस पाठवावा लागतो, रीस्टार्ट मात्र ग्राहक फुकटात करतो.