आप्पांना दिवस गेले

ठणठणीत शॅमेलिऑन सरडासुद्धा पहिल्यांदा बघणाऱ्याला आजारीच वाटतो. पाऊल उचलतो, ते अधांतरी धरून झुलत राहतो, पुढं टाकावं की माघारी घ्यावं याचा बराच खल करतो आणि शेवटी होता तिथंच परत येतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या दाव्याची गती 2004 पासून बघत आलेल्या आम्हा बेळगावजवळच्या मच्छेकरांना या चालीचं नवल नाही, पण परक्याला ती अशक्तपणाची वाटते. डोळे दोन, आणि दोघांचं आपसात बोलणं बंद असावं तसे. एक समोरच्या माशीवर, दुसरा मागच्या आभाळावर. वाटीत पाणी ठेवलं तर ते पाणी आहे हेच त्याच्या गावी नसतं. पानावरून थेंब ओघळला तरच तो तोंड पुढं करतो. प्लिनी नावाच्या रोमन पंडितानं तर हा प्राणी खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर जगतो असं लिहून ठेवलं आणि पुढं कित्येक शतकं युरोपातल्या शहाण्यांनी त्यावर मान डोलावली. आता तब्येत उत्तम असताना ज्याची ही तऱ्हा, तो खरोखरच आजारी पडला तर ओळखायचं कसं?

आमच्या मच्छेत हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. खानापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांची वसाहत आणि दुसऱ्या अंगाला शेतं, त्यामुळं कुंपणाच्या घाणेरीत पावसाच्या सुमाराला एखादा शॅमेलिऑन दिसतो. तो दिसला की पोरं ओरडतात, बाया पदर सावरून लांब होतात आणि कुणीतरी जाणता माणूस तो महाविषारी असल्याचं जाहीर करतो. विष त्याच्यात थेंबभरही नाही. कन्नड शेजारी त्याला गोसुंबे म्हणतात आणि तेही लांबच उभे राहतात. दोन भाषांमध्ये एवढं एकमत आमच्याकडं क्वचितच होतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशी शॅमेलिऑनला संरक्षण दिलंय, म्हणजे तो घरी आणून पाळणं गुन्हाच. जखमी सापडला तर सावलीत, हवेशीर खोक्यात एक फांदी घालून ठेवावा आणि वनखात्याला कळवावं, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. बाकी त्याची धाव कुंपणापर्यंत, हे आपण म्हणीतच ठरवून टाकलंय.

पण माझ्या पुतण्याची धाव कुंपणापलीकडं गेली. ज्या विद्यापीठाच्या पदवीसाठी राज्यभरातली पोरं मच्छेचा पत्ता विचारत येतात, त्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची पदवी आमच्या या पोरानं घरच्या भाकरीवर मिळवली आणि तो ह्यूस्टनला गेला. तिथं माणसं शॅमेलिऑन रीतसर विकत घेऊन पाळतात. यानं घेतलेला मूळ यमनच्या डोंगरांकडच्या जातीचा, डोक्यावर उंच कळस असलेला, हिरव्या अंगावर पिवळसर पट्टे ओढलेला. दुकानदारानं नर म्हणून दिला आणि यानं त्याचं नाव ठेवलं आप्पा. आप्पा म्हणजे माझे आजोबा, याचे पणजोबा. आत्तीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस फोनवर आली नाही, कारण आप्पा तिचे वडील. मग एकदा तिनं व्हिडिओवर तो सरडा पाहिला. फांदी पोटाशी धरून, हनुवटी वर करून, एक डोळा खिडकीकडं आणि एक घरातल्यांकडं ठेवून बसलेला. बराच वेळ बघून ती म्हणाली, “बसायची ढब मात्र त्यांचीच हाय की.”

आप्पांचा संसार आमच्यापेक्षा नेटका होता. ऊन म्हणून एक दिवा, त्या उन्हातल्या अतिनील किरणांसाठी दुसरा, पानांवर थेंब पाडणारी नळी, आणि कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे. ती पूड आणि तो दुसरा दिवा नसेल तर या प्राण्याची हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात. पुतण्यानं एक वहीच केली होती. दिवसा डोळे मिटले तर धोका, कारण धडधाकट शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. डोळे खोल गेले तर अंगातलं पाणी कमी झालंय. विष्ठेतला पांढरा भाग केशरी दिसला तरी तेच. फांदीवरची पकड सुटली, जीभ रातकिड्यापर्यंत पोचेना, गारव्यातही तोंड उघडं राहू लागलं, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. मधल्या वेळात त्याच्या तोंडात बळंच पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. वही वाचून आत्ती म्हणाली होती, एवढं लक्ष सासूनं सुनेकडं दिलं असतं तर तालुक्यातल्या निम्म्या भांडणांचा निकाल लागला असता.

आणि एक दिवस, आमच्याकडं दिवेलागण आणि तिकडं सकाळ असताना, फोन आला. आप्पांनी अन्न सोडलं होतं. कधी फांदीवरून खाली न येणारे आप्पा पिंजऱ्याच्या तळाशी फिरत होते, कोपरे उकरत होते, काचेला धडकत होते. रंग काळवंडलेला, आणि त्या काळोखावर निळे-पिवळे ठिपके उमटलेले. आमच्या सोप्यात लगेच वैद्यकमंडळ बसलं. माझ्या बायकोनं जागेचा बदल सुचवला, थोरल्या भावानं पोट साफ नसल्याचं निदान केलं, शेजारच्या काकांनी तिकडच्या हवेवर ठपका ठेवला. पुतण्या रडकुंडीला आलेला. “काका, त्याचा रंग परत येईना झालाय,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मला गंमत वाटली ती या वाक्याची. अख्ख्या महाराष्ट्रात आणि अर्ध्या कर्नाटकात रंग बदलतो म्हणून ज्याला शिव्या बसतात, त्याचा रंग बदलेना म्हणून एक मुलगा सातासमुद्रापलीकडं हवालदिल झाला होता. हा प्राणी रंग बदलतो तो लपण्यासाठी, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यात लपणं थोडं आणि सांगणं फार. 2015 साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या एका शॅमेलिऑनच्या कातडीत पाहिलं तेव्हा तिथं अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी सापडली. प्राणी निवांत असला की स्फटिक एकमेकांजवळ असतात आणि हिरवा दिसतो. चवताळला की ते दूर सरतात आणि पिवळा, तांबडा उजळतो. गारठला की अंग काळं करून ऊन पितो. राग, थंडी, भीती, ‘जवळ येऊ नकोस’, सगळं कातडीवर मांडून ठेवलेलं. याला ढोंगी म्हणणं म्हणजे आम्हा सीमाभागातल्या माणसांना ढोंगी म्हणण्यासारखं आहे. इथला माणूस घरात मराठी, बसच्या कंडक्टरशी कन्नड, वसाहतीतल्या बिहारी कामगाराशी हिंदी बोलतो आणि मधेच कुणी “ऊटा आयता?” विचारलं तर जेवल्याचंही त्याच भाषेत सांगतो. 1 नोव्हेंबर 2014 ला आमच्या शहराच्या पाटीवर बेळगावी आलं, तरी ओठांवर बेळगाव राहिलं. दोन्ही रंग एकाच कातडीचे. समोरच्याला कळावं म्हणून बदलायचं, एवढाच त्यातला डाव. काळजी करायची ती माणूस एकाच रंगात गोठला तर.

आप्पा, म्हणजे मूळचे आप्पा, असेच एकदा गोठले होते. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर त्यांची बैठक, मांडीशी चंची. अडकित्त्याचा कडकड आवाज हे आमच्या घराचं घड्याळ होतं. सुपारी किती बारीक कातरली जातेय यावरून त्यांचा राग-लोभ कळायचा. आजार सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. कसंय विचारलं की “मला काय धाड भरलीया?” हे ठरलेलं उत्तर. रानात दुबळा दिसेल तो आधी मारला जातो, म्हणून शॅमेलिऑन दुखणं अगदी शेवटपर्यंत झाकतो म्हणतात. आप्पांच्या मागं कुठला ससाणा लागला होता कोण जाणे. एका सकाळी घरातली सगळी माणसं त्यांच्या समोरून येऊन-जाऊन झाली, कुणाला काही वावगं दिसलं नाही. आत्ती तेवढी परसातून भिजल्या हातानं धावत आली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाली, “चंची का सोडली न्हाई आज?” अंग तव्यासारखं तापलं होतं. न्यूमोनिया होता. वेळेत कळला म्हणून पुढं कित्येक वर्षं तो अडकित्ता वाजत राहिला. आत्तीनं आजाराची लक्षणं कुठं वाचली नव्हती. तिला आप्पांच्या बऱ्या दिवसाची लक्षणं पाठ होती.

तर त्या संध्याकाळी आमचं वैद्यकमंडळ दमल्यावर आत्तीनं फोन मागितला. चष्मा पुसला. सरड्याला सगळ्या बाजूंनी दाखवायला लावलं, मग पोट दाखवायला लावलं. पोट दोन्ही अंगांना भरलेलं, थोडं गुठळ्या-गुठळ्यांचं. आत्तीनं हयात दावणीच्या म्हशींत काढलेली. चारा सोडणारी, घोळक्यातून बाजूला होणारी, एका जागी न ठरणारी म्हैस तिनं कितीदा पाहिली असेल. तिनं फोन खाली ठेवला आणि सगळ्यांकडं बघून, जराही न हसता सांगितलं, “आप्पांना दिवस गेलेत.”

सोप्यात जी शांतता पसरली तिचं वर्णन करणं कठीण आहे. थोरल्या भावानं भिंतीवरच्या आप्पांच्या तसबिरीकडं पाहिलं. तसबीर गप्प. पुतण्या म्हणाला, “पण आत्ती आज्जी, तो एकटाच आहे, दुसरा कुणी नाहीच.” यावर आत्तीनं कोंबडीचा दाखला दिला. कोंबडा नसला म्हणून कोंबडी अंडी घालायची थांबते काय? आणि तेच खरं होतं. यमनी जातीची मादी नराविना अंडी धरते, ती फळत नाहीत, पण घालावी तर लागतात. अडली तर जिवावर बेततं. तो काळा रंग, ते निळे-पिवळे ठिपके, त्याला आम्ही दुखणं समजत होतो. ती मात्र स्वच्छ अक्षरात ‘गाभण आहे, जवळ येऊ नका’ असं सांगत बसली होती. नराच्या मागच्या पायांच्या टाचेला जन्मापासून एक बारीक नखी असते, ती आप्पांना नव्हती, हेही मग पुतण्यानं पाहिलं.

तिथल्या सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला. तो पुतण्यानं आम्हाला पाठवला. करड्या धुक्यात बरगड्यांच्या खाली मोगऱ्याच्या कळ्यांचा गजरा गुंडाळून ठेवावा तशी अंडी. डॉक्टरनं सांगितलं: फूटभर तरी खोल भांडं, त्यात बोगदा ढासळणार नाही इतपत ओली वाळू, कॅल्शियम, पाणी, आणि पिंजऱ्याला चादर, कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते. खणूनही अंडी बाहेर आली नाहीत, अंगातली ताकद गेली, डोळे मिटले, तर लगेच परत आणा, मग इंजेक्शन, नाहीतर शस्त्रक्रिया. पुतण्यानं हे सगळं आत्तीला वाचून दाखवलं. ती चादरीपाशी थांबली. “आडोसा करा म्हणून मी कालच सांगितल्तं,” ती म्हणाली. “डागदर शिकलेला दिसतोय.”

आप्पांनी बोगदा खणला, त्यात उलट्या शिरल्या, तिसाच्या वर अंडी घातली, वर वाळू लोटून पायांनी थापटून बसवली. वर आल्या तेव्हा कातडी सैल पडलेली, नजर थकलेली. नळीचे थेंब किती तरी वेळ पीत राहिल्या. मग एके सकाळी फांदीवर हिरव्या झाल्या, आणि रातकिडा दिसताच अंगापेक्षा लांब जीभ सणकन सुटली. पुतण्यानं तो क्षण टिपून पाठवला. आमच्या घरात तो नातवाच्या पहिल्या पावलासारखा सगळ्यांना दाखवून झाला. नाव बदलायचा विषय निघाला, पण आत्तीनं मोडता घातला. बारशानंतर नाव बदलत नसतात म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडं आप्पा ‘त्या’ आहेत आणि कुणाला त्यात व्याकरण आडवं येत नाही.

पुढच्या फोनवर पुतण्या हौसेनं आप्पांना पुढं करत होता आणि आत्ती त्यांच्या बाजूनं वाकून मागं बघत होती. “तुझं डोळं का खोल गेलेत?” तिनं विचारलं. तो हसला, काही नाही, कामाचा ताण आहे, बरा आहे म्हणाला. “पाणी किती पितोस? जेवलास काय? दिवसा डोळं मिटतात काय रे?” वहीतला एकेक प्रश्न तिनं त्यालाच घातला, आणि तो एकेकाला “बरं आहे” म्हणत गेला, त्याच ठरलेल्या, मला काय धाड भरलीया या घराण्याच्या सुरात. फोन ठेवल्यावर तिनं मला शहापूरच्या बाजारात पिटाळलं. डिंक, खारीक, खोबरं, आळीव. “सरड्याला कॅल्शियम द्यायला डागदर हाय,” ती म्हणाली, “या पोराला कोण देणार?” लाडवांचं पार्सल गेलं. त्यावर नाव मात्र तिनं दोघांचंही घालायला लावलं.