आपत्कालीन पेटी : सिद्धता, साठवण आणि बंदोबस्त

भूकंप, महापूर, अवर्षण इत्यादी आपत्तींच्या प्रसंगी किमान तीन दिवस पुरेल इतके अन्न, पाणी, उजेड आणि औषध प्रत्येक कुटुंबाने एका पेटीत सज्ज ठेवावे, अशी शासकीय सूचना वेळोवेळी प्रसृत होत असते. सोलापूरकराने असे पत्रक हाती पडताच मुद्रेवर उमटू पाहणारे स्मित आवरावे. कारण ज्या नगरात नळाला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येत आले, तेथे तीन दिवसांचा साठा हा आपत्तीचा नव्हे, कोणत्याही सामान्य बुधवारचा विषय आहे.

तथापि प्रथम कलम पाण्याचेच. नगराला पाणी पुरविणाऱ्या उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यांपैकी जवळजवळ ६४ टीएमसी सरकारदप्तरी ‘मृत साठा’ या सदरात दाखल आहे. उन्हाळ्यात धरण ‘वजा’मध्ये गेल्याची बातमी येते, म्हणजे हिशेबाप्रमाणे जे पाणी शून्याच्याही खाली आहे ते आपण गाळून पितो. अपरात्री नळातून पाण्याआधी येणारा हवेचा सूंऽऽ असा उच्छ्वास ऐकताच, दिवाही न लावता, पिंप, घागर, कळशी, बादली आणि शेवटी चहाचे पातेले या क्रमाने भांडी लावणाऱ्या गृहिणीस आपत्ती-निवारणाची रंगीत तालीम शिकविण्याचे धाडस कोणी करू नये. सूचना एवढीच की माणशी रोज तीन लिटर पिण्याचे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये निराळे असावे, आणि पिंपांवर फडके बांधून ती आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत. अन्यथा दुष्काळाच्या सिद्धतेतून डेंग्यूची निष्पत्ती होते.

अन्नाच्या बाबतीत बाहेरून काही मागविण्याचे प्रयोजन नाही. ज्वारीची पातळ, कडकडीत वाळविलेली कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, तिला चूल लागत नाही, आणि प्रसंगी ती फोडण्याच्या आवाजाने शेजाऱ्यांस आपण जिवंत असल्याची वर्दीही पोहोचते. सोबत शेंगांची चटणी घ्यावी. मात्र ती उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली असावी, मिक्सरमधून काढलेला भुगा नव्हे. या दोहोंच्या संयोगाने जी तहान उत्पन्न होते ती वरील तीन लिटरांत गृहीत धरलेली नाही; सबब तो आकडा वाढवून वाचावा.

पांघरुणास सोलापुरी चादर. तिची चार टोके चौघांनी धरली असता जखमी इसमास उचलून नेता येते. भिजली असता तीच उचलून नेण्यास चौघे लागतात.

रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पुस्तक हे दस्तऐवज प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत, आणि ११२, १०८ व १०७७ हे मदतीचे क्रमांक आणि घरातील सर्वांचे नंबर पेटीच्या झाकणावर रंगाने लिहावेत. कारण मोबाइल बंद पडला की घरातील एकालाही दुसऱ्याचा नंबर पाठ नसतो.

पेटी कोठे ठेवावी, हा प्रश्न मात्र बिकट आहे. जिची गणना एरवी दुष्काळी मुलखात होते त्या सीना नदीने सप्टेंबर २०२५ मध्ये माढा, मोहोळ आणि सोलापूर तालुक्यांतील गावांत शिरून जमिनीवरची वस्तू जमिनीवर राहू दिली नाही. त्या अनुभवावरून पेटी माळ्यावर हवी. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंपात जड माळवदे आणि दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. ते स्मरता पेटी माळ्यावर तर नकोच, उलट दाराशी हवी, आणि टॉर्च व चपला उशाशी हव्यात. पूर म्हणतो वर, भूकंप म्हणतो खाली. तेव्हा तडजोड म्हणून दाराजवळच्या फळीवर, छातीच्या उंचीस, जेथे कोणाचाही हात सहज पोहोचेल अशा जागी ती ठेवावी.

आणि तो पोहोचतोच. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या पातशहाची धान्याची कोठारे मंजुरीवाचून रयतेस खुली केली, आणि परंपरा सांगते की पुढे साक्षात विठोबाने दरबारी जाऊन त्या धान्याची रक्कम चुकती केली व रीतसर पावतीही घेतली. या पुण्यकथेचा जिल्ह्यातील आपत्कालीन पेट्यांवर फार अनिष्ट परिणाम झालेला आहे. घरोघरी दोन-तीन दामाजी नांदत असतात : एक टॉर्चचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घालतो, दुसरा पुण्याच्या पाहुण्यांस चटणीची बरणी बांधून देतो, तिसरा रात्री अकरा वाजता ‘जरा तोंडात टाकायला’ म्हणून भाकरीची चवड निम्मी करतो. भरपाई करण्यास मात्र पंढरपुराहून कोणी येत नाही.

यास्तव वर्षातून दोनदा, संक्रांतीस भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आणि मृगाआधी, पेटीची मोजदाद करून घट किर्दीत नोंदवावी. पेटीस कुलूप असावे. किल्ली आजीकडे देण्याचा प्रघात आहे, परंतु नातवंडांच्या संदर्भात आजी ही घरातील सर्वांत थोर दामाजी होय. सुनेकडे दिल्यास आजी रुसते, आणि कर्त्या पुरुषाकडे दिल्यास ती हरवते. बहुतेक घरांत अखेर हा तिसराच मार्ग पत्करला जात असल्याने कुलूप फोडण्यासाठी एक हातोडी घरात ठेवावी. ती पेटीच्या आत ठेवू नये.