कुरडयांसकट मॅट ब्लॅक

चकचकीत काळा कीबोर्ड ज्याने काढला, त्याने हिंगण्याची धूळ पाहिलेली नसावी. एमआयडीसीच्या ट्रकांनी उडवलेली धूळ आमच्या टेबलावर मुक्कामालाच असते. तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे, आणि ठशांत सावजीची तर्री. पोलिसांना माझ्याविरुद्ध दुसरा पुरावा लागू नये. तेव्हा ठरवलं, हा घासायचा आणि मॅट रंगवायचा.

सल्ला भिंतीपलीकडे होता. शेजारचे काका इथल्याच ट्रॅक्टर कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले. पण ज्यांनी अख्खे ट्रॅक्टर रंगवले, त्यांना कीबोर्डासाठी काय बोलवायचं?

हार्डवेअरवाल्याने विचारलं, "पॉलिश पेपर कायले पायजे भाऊ, दरवाजाले?" कीबोर्डाला म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "हो." त्याने इमानदारीत दरवाजाचा ८० नंबर दिला.

घरी येऊन बटणं स्क्रूड्रायव्हरने उपटली, सुपात ठेवली आणि कोरडीच खसाखसा घासली. चकाकी गेली, चरे आले. चरे रंगाखाली बुजतील, असं मानून मे महिन्यातल्या भर दुपारी गच्चीवर गेलो. ऊन म्हणजे फुकटची भट्टी! स्प्रेचा डबा हलवला, नोझल दाबलं आणि लू सुटली.

गच्चीच्या त्या टोकाला बायकोच्या कुरडया वाळत होत्या, हे मला माहीत होतं. फवारा तिथवर जाईल, हे कुरडयांनाही माहीत नसावं.

कीबोर्ड हातात घेतला तर अंग खरखरीत. पॉलिश पेपर वापरून मी पॉलिश पेपरच तयार केला होता. आरडाओरडा ऐकून काका वर आले. एका बटणावरून अंगठा फिरवून म्हणाले, "४५ डिग्रीत रंग हवेतच वाळते जी. खाली पडते ते भुकटी." मग कुरडयांकडे पाहून, "इकडे मात्र फिनिश चांगली आली."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी ताबा घेतला. बोटांचं तेल निघावं म्हणून साबणाने धुणं, मग पाण्यात बुडवून ४०० नंबर, मग ६००, सुकवून प्लास्टिकचा प्रायमर. डबा वीतभर लांब धरायचा, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. "पहिल्या हातात खालचं दिसलंच पायजे. झाकाची घाई केली का ओघळ आलाच." तीन पातळ हात बसले आणि कीबोर्ड खरंच देखणा झाला. फक्त त्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं.

मी बेफिकीर होतो. १९९१च्या भारतीय मानकातला इन्स्क्रिप्ट मी डोळे मिटून टाइप करतो, असं ऑफिसात बरेचदा ऐकवलेलं. पण डोळे मिटल्यावर बोटांना वाट दाखवतात ते एफ आणि जेवरचे बारीक उंचवटे, आणि ते ८० नंबरने केव्हाच खाल्ले होते. उजवा हात एक घर सरकून बसला. साहेबांना अर्ज गेला त्यात "सर"च्या जागी ",क" आणि "रजा"च्या जागी "कडा". उत्तर आलं, "कोणता कडा?"

शेवटी बायकोने स्वतःच्या पाकिटातल्या दोन टिकल्या त्या दोन बटणांवर चिकटवल्या. बोटांना ठिकाणा सापडला. मात्र परवा जेवरची टिकली माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटून ऑफिसात पोचली. ती कीबोर्डाची आहे, हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं.