फाईलवाले भाऊसाहेब

ट्रॅक्टर पसंत करणे आणि ट्रॅक्टर आपल्या मालकीचा होणे, या दोन घटनांच्या दरम्यान झेरॉक्सच्या शाईने माखलेला जो दीर्घ आणि धूसर प्रदेश पसरलेला आहे, त्याचे सर्वाधिकारी म्हणजे फाईलवाले भाऊसाहेब. सांगली-साताऱ्याकडील तालुक्याच्या गावी, बायपासला लागून असलेल्या कोणत्याही शोरूममध्ये आपण गेलात, तर दर्शनी भागी लाल-निळे नवे ट्रॅक्टर आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारे इस्त्रीच्या शर्टातले विक्रेते दिसतील. परंतु हे सारे वैभव ओलांडून, स्पेअरपार्टच्या खोलीपलीकडे, जेथील पंखा वारा कमी आणि आवाज अधिक देतो अशा ठिकाणी, फायलींच्या दोन मनोऱ्यांमधील फटीतून ज्यांचा चष्मा तेवढा दिसतो, ते भाऊसाहेब. नेमणुकीच्या पत्रात त्यांचा हुद्दा काहीतरी इंग्रजी आहे. पण गावाकडील मनुष्याने तलाठी आणि ग्रामसेवक यांना जे संबोधन दिले तेच यांनाही बहाल करून त्यांचे खरे कूळ केव्हाच ओळखले आहे.

विक्रेता हा स्वभावतः कवी असतो. "आप्पा, दोन दिवसांत काम होतंय, तुम्ही फक्त पेढे सांगा," हे त्याचे काव्य ऐकून भारावलेले आप्पा जेव्हा भाऊसाहेबांच्या मेजासमोर येऊन बसतात, तेव्हा गद्याला प्रारंभ होतो. भाऊसाहेब आप्पांकडे पाहत नाहीत. ते आप्पांच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहतात. त्या पिशवीतून सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, पासबुक, लग्नात काढलेला एक फोटो आणि कोणाची तरी औषधाची चिठ्ठी, इतका ऐवज बाहेर निघाल्यावर ते तो पत्ते पिसल्याच्या चपळाईने चाळतात, औषधाची चिठ्ठी अदबीने परत करतात आणि आपले ब्रीदवाक्य उच्चारतात, "एक कागद कमी आहे." मी पुष्कळ कचेऱ्या पाहिल्या आहेत, आणि नकार देण्यात आनंद मानणारे अंमलदारही पाहिले आहेत, भाऊसाहेब त्यांतले नव्हेत. त्यांनी आजवर कोणालाही नाही म्हटलेले नाही. आहे ते सर्व ठीक आहे, फक्त एक कागद कमी आहे, आणि तो आणल्यावर दुसरा एक कमी असतो.

त्यांच्या शास्त्रातील सर्वांत गहन प्रकरण नावाचे होय. आपला शेतकरी जन्माला येतो तो एका नावाने, शाळेत जातो दुसऱ्या नावाने, आणि भावकी त्याला ओळखते ती तिसऱ्याच नावाने. सातबाऱ्यावर 'ज्ञानू बाळा', आधारावर 'ज्ञानदेव बाळकृष्ण', पॅनवर स्पेलिंगातील एक अक्षर गहाळ झालेला कोणी तिसराच इसम, आणि गावात विचाराल तर 'नाना', अशी स्थिती असता समोर बसलेला मनुष्य हा एकच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी भाऊसाहेबांवर येते. आचार्यांनी ज्या सिद्धान्तासाठी भाष्ये रचली, तो हे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्यासह, दुपारच्या आत सिद्ध करून देतात. प्रतिज्ञापत्रावर सही करताना नाना विचारतात, "म्हणजे भाऊसाहेब, मी मीच हाय, हे मीच लिहून द्यायचं?" यावर भाऊसाहेब केवळ पेन्सिलीने एक बारीक फुली मारतात आणि म्हणतात, "इथं करा."

या फुल्या हा त्यांच्या कर्तृत्वाचा दुसरा अध्याय. कर्जाच्या करारनाम्याची पाने किती, हे कर्जदार मोजत नाही, कारण मोजण्याइतके बळ त्याच्या बोटांत उरलेले नसते. पहिली सही नाना मोठ्या डौलाने, खाली रेघ ओढून आणि दोन टिंबे देऊन करतात. दहाव्या सहीला रेघ गळते, विसाव्याला टिंबे जातात, आणि शेवटच्या पानावर जी उमटते ती सही बँकेतील नमुन्याशी जुळत नाही म्हणून चार दिवसांनी फाईल परत येते. तेव्हा भाऊसाहेब नानांना पुन्हा बोलावतात, आधी चहा पाजतात, हात झटकायला लावतात, आणि मगच कागद पुढे सरकवतात.

बँक जमिनीवर बोजा चढवणार असली आणि गट सामाईक असला, तर विषय भाऊबंदकीत शिरतो. सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणे बंद आहे त्याच्याच सहीवाचून ट्रॅक्टर अडून बसतो. अशा वेळी भाऊसाहेब स्वतः फोन लावून, "दादा, हे फक्त नानांच्या हिश्श्यापुरतं आहे, तुमच्या आणेवारीला हात लागत नाही," अशी समजूत घालतात. तंटामुक्तीचे पारितोषिक वास्तविक या मनुष्याला द्यावयास हवे.

पत मोजण्याची जी नवी पद्धत आली आहे, तिच्याविषयी मात्र भाऊसाहेबांचे मत मी विचारू नये, असे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. सिबिलचा आकडा 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो, हे आता पारावरही ठाऊक झाले आहे. परंतु ज्याने जन्मात कोणाचे कर्ज काढले नाही, त्याच्या नावापुढे उणे एक येतो, हे ऐकून एक म्हातारे गृहस्थ जे संतापले ते रास्तच होते. "कुणाचा पैसा घेतला न्हाई, ही माझी खोट?" या प्रश्नाला प्रणालीत उत्तर नाही. भाऊसाहेबांनी त्यांना सोसायटीचा बेबाकी दाखला, उसाची बिले आणि एक जामीनदार आणावयास सांगितले, आणि ती फाईल मंजूर करून घेतली.

मासिक हप्ता हा पगारदाराचा शोध. शेतकऱ्याचा पैसा कारखान्याच्या बिलाबरोबर येतो, म्हणून बहुतेक ट्रॅक्टरांचे हप्ते सहामाही बांधलेले असतात. हप्त्याचा महिना कोणता धरावा, हे ठरवताना भाऊसाहेब ऊस आडसाली की सुरू, तोड केव्हा, कोणता कारखाना बिल वेळेवर देतो, असे प्रश्न विचारतात. बँकेच्या अर्जात या प्रश्नांना रकाना नाही.

2025 सालचा सप्टेंबर त्यांच्या विशेष स्मरणात आहे. ट्रॅक्टरवरील जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचावर येणार, ही वार्ता महिन्याच्या आरंभीच फुटली. अंमल मात्र 22 तारखेपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेपासून. मधले दिवस बहुतांशी पितृपक्षाचे, तेव्हा तसेही कोणी चाकाला नारळ फोडणार नव्हते. गिऱ्हाइकाच्या पंचांगाला सरकारी राजपत्राने इतका दुजोरा क्वचितच दिला असेल. विक्रेते खुशीत होते. परंतु ज्यांची कर्जे जुन्या कोटेशनवर मंजूर होऊन पडली होती, त्या साऱ्यांचे कोटेशन नवे, कर्जाची रक्कम नवी, मार्जिन नवे, हप्ता नवा, आणि अर्थातच सह्या नव्या. किंमत उतरल्याचा आनंद सर्वांनी वाटून घेतला. त्याचा कागद एकट्याने केला.

भाऊसाहेब खुर्चीतून उठतात ते एकाच कामासाठी, ते म्हणजे चेसिस प्रिंट. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नमुना 20 म्हणजे नोंदणीचा अर्ज, 21 म्हणजे विक्रीचा दाखला, 22 म्हणजे वाहन रस्त्यास योग्य असल्याचे कंपनीचे प्रमाणपत्र, आणि 34 म्हणजे ते वित्तसंस्थेकडे तारण असल्याची नोंद. हे आकडे त्यांच्या तोंडी गोत्र-प्रवरासारखे असतात, आणि यांतले बरेचसे काम आता संगणकावर गेले आहे. तथापि संगणकाने कितीही आकडे दाखविले तरी ट्रॅक्टरच्या अंगावर कोरलेला क्रमांक डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यांचे समाधान होत नाही. म्हणून हा गृहस्थ पांढरा शर्ट सावरीत फरशीवर एक गुडघा टेकतो, फडक्याने ग्रीस पुसतो, क्रमांकावर पातळ कागद दाबून धरतो आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासू लागतो. काळसर धुक्यातून एकेक अक्षर वर येते. इंग्रजी 'बी' आणि आठ यांचा घोळ येथेच सापडतो. पासिंग झाल्यावर सापडला तर दुरुस्तीसाठी आरटीओच्या किती फेऱ्या पडतात, हे ज्याच्या आरसीत तो घोळ राहून गेला आहे, त्यालाच विचारावे.

माझे स्पष्ट मत असे की, त्या सबंध शोरूममध्ये वचन न देणारा असा हा एकटाच मनुष्य आहे आणि म्हणूनच विश्वासास पात्र आहे. डिलिव्हरीच्या दिवशी हार, लिंबू, गुलाल आणि हलगी यांच्या गदारोळात तो नव्या मालकाच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगत असतो, आणि मालक मान डोलावतो, पण त्याला ऐकू आलेले नसते. ते सांगणे येथे उतरवून ठेवतो, कारण ते ट्रॅक्टरइतकेच मोटारीला आणि स्कूटरलाही लागू आहे. शेवटचा हप्ता फिटला म्हणून स्वस्थ बसू नका. वित्तसंस्थेकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा नमुना 35 मागून घ्या, आणि आरसीवरील तारणाची नोंद काढून टाका. जमिनीवरही बोजा चढवला असेल, तर बँकेचे पत्र तलाठ्याकडे देऊन तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांतून कमी करून घ्या. हे दोन्ही बोजे निरनिराळ्या दफ्तरांत असतात, आणि एक उतरला म्हणून दुसरा आपोआप उतरत नाही.