लॅबचे आप्पा

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब म्हटली की तिथे एक आप्पा आलेच. हजेरीपटावर नाव काहीही असो, हुद्दा लॅब असिस्टंटचा. खरं काम मात्र एकच, टर्बो सी प्लस प्लस या जुन्या कंपायलरला मरू न देणं.

बोर्लंड कंपनीने टर्बो १९९० साली बाजारात आणलं. त्याच वर्षी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. टर्बोची निळी स्क्रीन होती तशीच राहिली.

विंडोज एक्सपी होती तोवर आप्पा सुखात होते. सीडीवरचं फोल्डर सी ड्राइव्हवर टाकलं की वर्षभर बघायला नको. विंडोज सेव्हनने पहिली खोडी काढली: टर्बो उघडलं की ‘फुलस्क्रीन चालणार नाही’ असा संदेश. मग नव्या खरेदीत ६४ बिटची मशिनं आली आणि टर्बो उघडेचना. टर्बो पडलं १६ बिटचं. ३२ बिट विंडोजमध्ये असल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी डॉसचं सोंग घेण्याची सोय होती. ६४ बिटमध्ये मायक्रोसॉफ्टने ती ठेवलीच नाही. साहेब नव्या मशिनांवर खूश, आणि इकडे प्रॅक्टिकल आठवड्यावर!

तेव्हा आप्पांच्या हाती डॉसबॉक्स लागला. डॉसचे जुने गेम खेळता यावेत म्हणून २००२ मध्ये निघालेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर. आप्पांनी त्यात टर्बो उघडून फिबोनाचीचा प्रोग्रॅम चालवला. सेटिंगच्या फाइलीत तळाशी तीन-चार ओळी टाकायच्या: सी ड्राइव्ह माउंट करा, टीसीच्या बिन फोल्डरात जा, टीसी सुरू करा. या ओळी आप्पांना तोंडपाठ. माउस खिडकीत अडकला की पोरगं घाबरतं. आप्पा मान वर न करता म्हणतात, ‘‘कंट्रोल एफ टेन.’’ त्यापुढच्या सगळ्या शंकांना एकच उत्तर : ‘‘चाली राहिनं ना? मंग हात नको लावू.’’

दरवर्षी एखादी नवी मॅडम सुचवते, नवा कंपायलर टाकू या. आप्पा वाद घालत नाहीत, जर्नल पुढे सरकवतात. पहिल्या ओळीत आयओस्ट्रीम डॉट एच, जे १९९८ च्या प्रमाणित सी प्लस प्लसमध्ये नाहीच. खाली व्हॉइड मेन. मग बोर्लंडच्या घरचं क्लरस्कर, आणि शेवटी स्क्रीन पळू नये म्हणून गेटच. नव्या कंपायलरवर यातला एक प्रोग्रॅम धड चालायचा नाही. ‘‘मॅडम, मशीन मी बदलतो. जर्नल कोण बदलणार?’’ इथे आप्पांचं चुकत नाही. परीक्षेच्या सकाळी भाषेची शुद्धता कोणी तपासत नाही, आउटपुट आलं की नाही एवढंच बघतात.

आउटपुटचीही एक गंमत आहे. टर्बोत साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नाही. त्यामुळे सातचं फॅक्टोरियल ५,०४० बरोबर येतं आणि आठचं, ४०,३२० ऐवजी, उणे २५,२१६. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा वर करतात. आप्पा चहाचा कप पुढे करत म्हणतात, ‘‘सर, पाच टाका ना. पाचचं मस्त येतं.’’

विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालीच नाही. आप्पांना त्याचं काही नाही. डॉसबॉक्स तिच्यावरही चालतो आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या खिशात असतो. पोरांनो, जर्नलमध्ये खुशाल व्हॉइड मेन लिहा. पुण्याला मुलाखतीला गेलात तर तेवढं इंट मेन लिहा, आणि आप्पांचं नाव सांगू नका.