आमचे पी. आय.

आमच्या कॉलेजात प्राध्यापक चाळीसेक असतील, पण पी. आय. एकच. पी. आय. म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, प्रमुख संशोधक. सर मुळात प्राणिशास्त्राचे. पण हे त्यांच्या सर्व्हिस बुकाखेरीज कुणाच्या फारसं लक्षात नाही. सध्या काय चाललंय असं सहज विचारलं, तर बाकीचे लोक मुलीची बारावी सांगतात, फ्लॅटचा हप्ता सांगतात. सर म्हणतात, "एक मायनर सबमिट केलाय, एक मेजर पाइपलाइनमध्ये आहे." नव्याने रुजू झालेले क्लार्क बरेच दिवस त्यांना पाणीपुरवठा समितीचे समजत होते.

सरांच्या काखेत सदैव एक प्लास्टिकचं फोल्डर असतं. त्यात कॉलेजचं कोरं लेटरहेड, स्टॅम्पपॅड आणि रेव्हेन्यू स्टॅम्पची एक पट्टी. कोणाकडून कधी पावती घ्यावी लागेल सांगता येत नाही, हा त्यांचा अनुभव. एकदा आम्ही एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला रिक्षाने गेलो. उतरल्यावर मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात सरांनी रिक्षावाल्यापुढे व्हाउचर धरलं होतं आणि त्याची सहीही झाली होती. त्या गावात 'प्राथमिक पाहणी' झाल्याची नोंद पुढे अहवालात सापडते.

सरांची सुरुवात नदीतल्या माशांपासून झाली. मग मासे कमी झाले आणि सर विहिरींच्या पाण्याकडे वळले. तिथून गांडूळखत, मग द्राक्षबागा, मग महिला बचत गट. हा प्रवास जिज्ञासेचा नव्हे, जाहिरातींचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोग, डीएसटी, आयसीएसएसआर यांच्यापैकी ज्याची जाहिरात निघेल त्याच्या विषयात सरांना रस उत्पन्न होतो, आणि तो अगदी मनापासून होतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री स्टाफरूममध्ये बसून प्रस्ताव लिहिणारे सर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे पटेल. बाराव्या पंचवार्षिक योजनेत आयोग मायनर प्रकल्पाला विज्ञानासाठी 5 लाखांपर्यंत आणि सामाजिक शास्त्रांसाठी 3 लाखांपर्यंत देत असे. सरांनी दोन्ही केले. "समाज दोन लाखांनी स्वस्त आहे, पण त्याला केमिकल्स लागत नाहीत," असा त्यांचा हिशेब.

या सगळ्याला बांधणारा एक शब्द सरांकडे आहे : आंतरविद्याशाखीय. हा शब्द त्यांच्या प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावर असतो. मी मराठी शिकवतो आणि तरीही त्यांच्या एका जलप्रकल्पाचा सहसंशोधक आहे, तो या शब्दाच्या पुण्याईने. प्रत्येक कार्यशाळेच्या उद्घाटनाला सर दामोदर कोसंबींचं नाव घेतात. गणिताचा माणूस, आहत नाणी तराजूत घालून, त्यांची झीज मोजून इतिहास लिहिला, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडून दगडी हत्यारं गोळा केली, जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं सूत्र आजही आहे. सर हे सगळं बिनचूक सांगतात. मग पाणी पितात आणि फील्डवर्कसाठी बोलेरोचं भाडं दर किलोमीटरला किती मंजूर आहे, याकडे वळतात.

सरांच्या सामाजिक संशोधनात एक संख्या अढळ आहे : 384. क्रेजी आणि मॉर्गन या दोघांनी 1970 साली एक तक्ता छापला; लोकसंख्या कितीही मोठी असली, तरी त्यात नमुना 384 वर येऊन थांबतो. सरांना हा तक्ता भेटला तो दिवस त्यांच्या आयुष्यात भाग्याचा. तेव्हापासून आमच्या तालुक्यात शेतकरी 384, बचत गटांच्या महिला 384, मोबाइल वापरणारे युवक 384. अडचण एवढीच, की फॉर्म भरून येतात तीनशे साठ-सत्तर. उरलेले स्टाफरूममध्ये भरले जातात. मी स्वतः एका अहवालात अडीच एकरांचा द्राक्षबागायतदार आहे आणि माझ्या बागेवर डाउनी येऊन गेलेला आहे. आमच्या ग्रंथपालांना मिशा आहेत, तरी एका सर्वेक्षणात ते एकल माता म्हणून नोंदले गेलेत. आणि सांगायला हरकत नाही, आत्मविश्वास वाढल्याबद्दल त्यांनी 'पूर्णतः सहमत'वर खूण केली होती.

या फॉर्मांवर पुढे टी-टेस्ट चालते. ही चाचणी 1908 साली गॉसेट नावाच्या गृहस्थांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. हे आमच्या संख्याशास्त्राच्या तरुण मॅडमनी चहा पिता पिता सहज सांगितलं. सर माळकरी. कप खाली ठेवून म्हणाले, "दुसरी एखादी चाचणी नाही का?" त्या अहवालात काय-स्क्वेअर आहे.

पण सरांना खरं पाहावं ते फील्डवर. एकदा मीही गेलो होतो, सहसंशोधक या नात्याने. गाव कृष्णाकाठचं, उसाचं. सरांनी आदल्या दिवशी ग्रामसेवकांना फोन करून ठेवला होता : उद्या दहा वाजता पी. आय. येतायत, गटाच्या महिलांना समाजमंदिरात बसवा. ग्रामसेवकांनी निरोप गावात दिला. आम्ही पोचलो तेव्हा स्टँडवरच्या दोन टपऱ्यांना कुलूप, पिंपळाखालचा पत्त्यांचा डाव गायब, आणि तीन जणांनी मोटारसायकली उसात घातलेल्या. समाजमंदिरात महिला वेळेवर हजर होत्या, हे मात्र खरं; एवढी उपस्थिती सरांना पुढे कुठे मिळाली नाही. पुढच्या बाकावरच्या एक आजी सरांना न्याहाळून म्हणाल्या, "साहेब, डिरेस न्हाई घातला?" सरांनी खुलासा केला नाही. संशोधकाने उत्तरदात्याच्या मतावर प्रभाव टाकू नये, असा नियमच आहे.

प्रश्न विचारण्याचं काम प्रोजेक्टच्या मुलीचं. प्रत्येक प्रकल्पात अशी एक मुलगी असते, एम. एस्सी. झालेली, सेट-नेटच्या तयारीतली, आठ-दहा हजार मानधनावरची. प्रकल्प तीच करते. तिने फॉर्मवरचा सतरावा प्रश्न विचारला, गटाचं कर्ज कशासाठी घेतलंत? पर्याय होते शेती, व्यवसाय, शिक्षण, आजारपण, लग्नकार्य आणि इतर. एक बाई म्हणाली, "पान्यासाठी."

"म्हणजे पाइपलाइन? ठिबक? मग शेती लिहिते."

"नव्हं ताई. पिन्याच्या पान्यासाठी. हिरीचं पानी पार मचूळ झालंय, जनावर तोंड लावत न्हाई. जार घ्यावा लागतोय रोजचा. म्हैन्याचं बिल थकलं की गटातनं उचलायचं."

मागून दोघी-चौघी बोलल्या, आमचंबी तसंच. मुलीने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "इतर." तिने इतरवर खूण केली, आणि ती बाई बोलली ते फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. ते कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने असे कितीतरी फॉर्म उलटे केले. परतीच्या वाटेवर मी विषय काढला, तर सर शांतपणे म्हणाले, "ते बरोबर आहे, पण मंजूर उद्दिष्टांत पाणी नाही. पाण्याचा प्रकल्प वेगळा होता. त्याचं यूसी पण जाऊन झालंय."

यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. मंजूर पैसा मंजूर कामावरच खर्च झाला, असं चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीचं प्रमाणपत्र. शोध लागला नाही तर कोणी विचारत नाही. यूसी गेलं नाही तर मात्र दिल्लीहून पत्रं येतात. म्हणून मार्च महिन्यात सरांचं तेज काही वेगळंच असतं. 31 तारखेच्या आत उपकरणांचा हेड संपवायचा असतो. तीन कोटेशन येतात, तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची, पण तिन्हींत 'प्रिंटर' शब्दातली वेलांटी एकाच जागी चुकलेली. तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत कमी दराचं दुकान निवडलं जातं, प्रिंटर येतो, त्याला डेडस्टॉक रजिस्टरात नंबर पडतो आणि तो त्या नावाला जागतो. सरांच्या खोलीत असे चार प्रिंटर आहेत. प्रिंट काढायची झाली, की सर स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात.

अहवाल लिहून झाला की वाङ्मयचौर्याची तपासणी. 2018 च्या नियमानुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. सरांच्या मराठी सारांशाचं साम्य आलं 34 टक्के. त्यातला बराचसा भाग सरांच्याच आधीच्या अहवालातला होता. आपल्याच घरात चोरी कशी होईल, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी सहसंशोधक म्हणून मला बोलावणं आलं. 'विहीर'चं 'कूप' झालं, 'पाणी'चं 'जल', 'महिला'चं 'स्त्रीवर्ग'. साम्य 9 टक्क्यांवर आलं आणि 'कूपजलाबाबत स्त्रीवर्गात जागृती अपेक्षित आहे' हे वाक्य मराठी भाषेत प्रथमच अवतरलं.

हे वाचून कोणी सरांना लबाड म्हणेल, तर मी भांडेन. आयोगाचा दुसरा हप्ता रखडला, तेव्हा त्या मुलीचं मानधन सरांनी सात-आठ महिने स्वतःच्या पगारातून दिलं. ते कुठल्या हेडमध्ये बसलं नाही, त्यामुळे परत मिळालंही नाही. हिशेबात एका रुपयाची फिरवाफिरव नाही. पाण्याचे नमुने घ्यायला ते एकेका विहिरीच्या पायऱ्या स्वतः उतरलेत, आणि बीओडीच्या बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस राहिल्या पाहिजेत म्हणून भारनियमनाच्या दिवसांत रात्री उठून कॉलेजवर जनरेटर लावायला आलेत. माणूस कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे. फक्त त्यांना प्रश्न पडत नाहीत. त्यांना शीर्षकं सुचतात. आणि बढतीच्या तक्त्यात गुण शीर्षकांना मिळतात, तेव्हा दोष एकट्या सरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मध्यंतरी नॅकच्या तयारीत आम्ही सरांचं कपाट आवरलं. वरच्या फळीवर विहिरींची फाइल होती. गावागावांतल्या विहिरींचे टीडीएसचे आकडे, मुलीच्या नीटस अक्षरात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. उसाला वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी पाजलेल्या, निचरा नसलेल्या, क्षारपड झालेल्या शिवारांतल्या विहिरी दोन हजारांच्याही पुढे गेलेल्या होत्या. निष्कर्ष : 'पाण्याची गुणवत्ता चिंताजनक आहे. अधिक संशोधनाची गरज आहे.' खालच्या फळीवर बचत गटांची फाइल. सतराव्या प्रश्नाला निम्म्याहून अधिक उत्तरं 'इतर'. निष्कर्ष : 'महिला अनुत्पादक कारणांसाठी कर्ज घेतात. अधिक संशोधनाची गरज आहे.' गावांची नावं दोन्ही फायलींत बरीचशी तीच. दोन्ही मुखपृष्ठांवर 'आंतरविद्याशाखीय' ठळक टाइपात. दोन फळ्यांमध्ये अंतर वीतभर.

मी दोन्ही फायली सरांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या चाळल्या, मागच्या बाजूचा मजकूरही वाचला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "चांगला विषय आहे हो. पण सध्या याची जाहिरात नाही." सध्या ते द्राक्षावरचा रोग कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखण्याच्या प्रस्तावात गुंतले आहेत. प्रशिक्षणासाठी पानांचे फोटो लागणार आहेत. किती, ते मी विचारलं नाही.

ती मुलगी आता एका बँकेत आहे. कुणाला पीएच. डी.ला विषय हवा असेल, तर त्याने खुशाल यावं : प्राणिशास्त्र विभाग, डावीकडचं लोखंडी कपाट, किल्ली शिपायाकडे. फॉर्म मागून वाचायला सुरुवात करावी. मात्र लवकर यावं. दोन्ही प्रकल्पांचं ऑडिट होऊन गेलंय, आणि आमच्याकडे रद्दीवाला दिवाळीच्या सुट्टीआधी येतो.